हेल्गोलांडवर ऑक्टोबरातला एक दिवस (आणि तिथे भेटलेला पुणेकर)

टेकडीवाला

हॅम्बुर्गला येऊन तीन वर्षं झाली, पण हेल्गोलांडचा मुहूर्त लागत नव्हता. उन्हाळ्यात गर्दी, हिवाळ्यात बोटींची बोंब. शेवटी गेल्या ऑक्टोबरात दोन रात्री राहायचं ठरवलं. लिहितोय तो मधल्या पूर्ण दिवसाबद्दल. जाण्या-येण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बोट लागते. मला दोन्ही वेळा लागली.

आधी बेट. उत्तर समुद्रात जर्मनीच्या किनाऱ्यापासून ५०-६० किलोमीटर आत उभा असलेला लाल वालुकाश्माचा कडा. मुख्य बेट जेमतेम १ चौरस किलोमीटर, शेजारी ड्यूने नावाचं वाळूचं बेट ०.७ चौरस किलोमीटर. वस्ती सुमारे १,३००. गाड्या नाहीत, सायकललाही बंदी. वरचा भाग ओबरलांड, खालचा उंटरलांड, मध्ये जिना आणि लिफ्ट. दोन्हींच्या मधला मिटेललांड हा तिसरा भाग निसर्गाने केलेला नाही. १८ एप्रिल १९४७ रोजी ब्रिटिशांनी इथली लष्करी भुयारं उडवायला सुमारे ६,७०० टन स्फोटकं एकदम पेटवली, तेव्हा बेटाचा दक्षिणेकडचा तुकडा खचून तो तयार झाला. आज तिथल्या झुडपांत लोक दुर्बिणी लावून पक्षी शोधतात.

पक्षी इथेच का, तर आजूबाजूला दुसरं काही नाहीच म्हणून. शरदात स्कँडिनेव्हियातून आणि पूर्वेकडून लाखो छोटे पक्षी रात्रीचे निघतात. आकाश स्वच्छ असेल तर बेटावरून तसेच पुढे जातात, आपल्या हाती काही लागत नाही. पण वारा आग्नेयेचा, मध्यरात्रीनंतर ढग आणि भुरभुर पाऊस असा योग आला, की समुद्रावर भरकटलेल्या जिवाला पहाटे जमिनीचा एकच ठिपका दिसतो. आमच्या आदल्या दोन दिवसांत वारा आग्नेयेचा होता आणि रात्री पाऊस लागला. हॉटेलातल्या माझ्याशिवाय सगळ्यांना याचा अर्थ कळला होता. पहाटे साडेपाचला जिन्यावर बुटांचे आवाज यायला लागले तेव्हा मला वाटलं आग लागली.

अंधारातच वर गेलो. इथलं दीपगृह म्हणजे महायुद्धातला विमानविरोधी मनोरा, बेटावरची तेवढी एकच इमारत त्या सगळ्यातून उभी राहिली. त्याचा झोत २८ सागरी मैलांवरून दिसतो. झोत फिरत होता आणि त्यात क्षणभर उजळून विझणारे ठिपके. कस्तूर कुळातले पक्षी. वरून सारखा बारीक, ओढलेला 'त्सीऽऽप' आवाज. रेडविंग. किती होते ते मोजता येणं शक्य नव्हतं, मी प्रयत्नही केला नाही.

पावणेआठला उजाडलं. कड्याच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर, मेंढ्या चरतात त्या गवतात काहीतरी हललं. वाकून पाहिलं तर बुटापासून दोन हातांवर अंगठ्याएवढा पक्षी, डोक्यावर पिवळी रेघ. मी उत्साहात ओरडलो, "यलो-ब्राउड!" (पिवळ्या भुवईचा वॉर्बलर.) शेजारचे एक पांढऱ्या दाढीचे आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "गोल्डहेन्शन." म्हणजे गोल्डक्रेस्ट. शब्दशः छोटा सोनकोंबडा. भुवई आणि टाळू यांतला फरक मला वीस वर्षांच्या पक्षीनिरीक्षणानंतर एका परक्या माणसाने शिकवला. नंतर कळलं, आजूबाजूच्या गवतात असे पन्नासेक तरी होते.

वजन ५-६ ग्रॅम. आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं. हा पक्षी सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांवर राहणारा, एरवी त्याला पाहताना मान मोडते. इथे झाडच नाही, म्हणून गवतात. माणसाची भीती वाटायला लागणारी ताकदही त्याच्यात उरलेली नव्हती. एकजण माझ्या बुटाच्या लेसवरून किडा उचलून गेला. मी दहा मिनिटं पाय हलवला नाही, मुंग्या आल्या.

बेटाच्या वायव्य टोकाला लांगे आना नावाचा ४७ मीटर उंचीचा सुटा सुळका आहे, पोस्टकार्डांवर असतो तो. त्याच्या अलीकडच्या कड्यावर गॅनेट. पंख पसरले की पावणेदोन मीटरचा पक्षी, आणि कुंपणाच्या दोरीपासून तीन-चार हातांवर बसलेला. १९९१ साली इथे पहिल्यांदा घरटं झालं, आता माथ्यावर जागा उरलेली नाही. ऑक्टोबरात बरेच निघून गेलेले असतात, उशिरा जन्मलेली काळपट पिल्लं आणि त्यांचे पालक उरतात. घरटी लांबून रंगीत दिसतात. जवळून पाहिलं की कळतं, ते समुद्री शेवाळ नाही, मासेमारीच्या जाळ्यांचे नारिंगी-निळे नायलॉनचे धागे आहेत. एका घरट्याखाली असाच धागा पायात अडकून एक पिल्लू लटकलेलं होतं, वाळलेलं. वरच्या घरट्यात पुढचं बिऱ्हाड शांतपणे पिसं साफ करत होतं. फोटो काढला आहे, टाकणार नाही.

तिथून फांगगार्टन, म्हणजे पक्षी पकडायची बाग. १९१० साली ह्यूगो वायगोल्ड यांनी इथलं पक्षीकेंद्र, फोगेलवार्टे, सुरू केलं. भिंतीआड झुडपं, पाणी, आणि झुडपांवरून टाकलेलं जाळीचं भलंमोठं नरसाळं. रिंगिंग करणारी (पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालणारी) मुलं एका टोकाने आवाज करत चालत येतात, पक्षी अरुंद टोकाकडे सरकतात आणि शेवटच्या पेटीत जातात. जगभर या रचनेला 'हेल्गोलांड ट्रॅप' म्हणतात. मूळ कल्पना बेटकरांची: ते खाण्यासाठी कस्तूर पकडायला अशीच झुडपं रचत. वायगोल्डनी नरसाळं ठेवलं, कढई काढून टाकली.

एका मुलीने गोल्डक्रेस्ट पिशवीतून काढला. दोन बोटांत मान, तळव्यात पाठ. पायात रिंग, पंखाची लांबी, मग पोटावर फुंकर. फुंकरीने पिसं बाजूला झाली आणि कातडीखाली जे पिवळसर दिसायला हवं ते दिसलं नाही. चरबी शून्य. "हा आज उडणार नाही, खाईल," ती म्हणाली. मूठ उघडली तरी तो दोन सेकंद तळव्यावर तसाच बसून राहिला.

दुपारी छोट्या होडीने ड्यूनेवर. सील पसरलेले, त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. किनाऱ्यावर लाटांनी आणलेल्या शेवाळाचे ढीग कुजत असतात, वास असा की बोट लागलेली बरी. पण त्यावर माश्या, आणि माश्यांवर सगळे: पिपिट, आपल्या रणगोजाचा भाऊ असलेला नॉर्दर्न व्हीटइअर, आणि चक्क पर्णवटवटे. झाडावरचा पक्षी समुद्राच्या काठी शेवाळावर. तिथेच खराखुरा यलो-ब्राउड वॉर्बलर मिळाला. पंखावर दोन फिकट पट्टे, लांब भुवई, आवाज चढत्या सुरात 'त्सुईस्ट'. उरलच्या पलीकडचा सैबेरियाचा पक्षी, खरं तर आग्नेय आशियात जायला हवा. दरवर्षी काही पश्चिमेला येतात. वाट चुकलेले की नवी वाट धरलेले, यावर जाणकारांत वाद आहे. हाइनरिश गेट्के नावाचा चित्रकार १८३७ मध्ये या बेटावर आला आणि इथलाच झाला. तो असले सैबेरियाचे पाहुणे नोंदवायचा तेव्हा युरोपात कित्येकांनी विश्वास ठेवला नव्हता. त्याचा ग्रंथ १८९१ साली आला.

तीन वाजता सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मुख्य बेटावर रॅडेज वॉर्बलर! तोही सैबेरियाचा, फारच दुर्मीळ. अख्खं ड्यूने होडीकडे पळालं. मीही. पुढचा दीड तास चाळीस माणसांसोबत एका झुडपाकडे बघत उभा होतो. झुडूप दोनदा हललं. एकदा वाऱ्याने. ज्यांना दिसला ते हसत निघून गेले.

कंटाळून निघालो. ओबरलांडच्या घरांच्या गल्लीतून जाताना एका परसातून आवाज आला. कोरडा, लाकडी, छोटी किल्ली दिल्यासारखा. 'ट्र्र्र.' दुर्बीण लावायच्या आधीच मला माहीत होतं. सिंहगड व्हॅलीत, एम्प्रेस गार्डनमध्ये, आमच्या सोसायटीच्या बुचाच्या झाडावर ऑक्टोबर ते मार्च ऐकलेला आवाज. कुंपणाच्या तारेवर माशीमार: रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर. गळा नारिंगी नव्हता, पहिल्या हिवाळ्यातला पोर असावा. शेपटी वर, खाली, वर, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं. पूर्व युरोपातला हा पक्षी थंडीत भारतात येतो. हा मात्र उलटा, पश्चिमेला येऊन पडलेला.

मागून आजोबा आले (तेच, दाढीवाले). त्यांनी दुर्बीण लावली, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. त्यांचा या हंगामातला पहिलाच. मी म्हटलं, आमच्याकडे हा रोजचा आहे. त्यांना काही ते पटलं नाही.

---

मधुमालती

सकाळी चहा घेता घेता वाचलं, चहा गार झाला. लेसवरचा किडा! फोटो कुठे आहेत?

दर्यावर्दी

+१. बोट लागणाऱ्यांसाठी: आल्याचा तुकडा दाताखाली, नजर क्षितिजावर, आणि पोट रिकामं ठेवायचं नाही. मालवणची पोरंही लाजत नाहीत सांगायला.

सह्यभटका

धागा छान, पण एक शंका. टायगा फ्लायकॅचर कशावरून नाही? पूर्वी दोन्ही एकच जात धरत, आता वेगळ्या आहेत. आपल्याकडेही दोन्ही येतात आणि लोक सरसकट रेड-ब्रेस्टेड लिहून मोकळे होतात. सैबेरियाचे एवढे पाहुणे होते म्हणता, तर हाही तिकडचा असू शकतो.

टेकडीवाला

@सह्यभटका, हा प्रश्न तूच विचारणार हे ठाऊक होतं. चोचीचा खालचा भाग बुडाशी फिकट होता, टायगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. शेपटीच्या वरची झाकणपिसं शेपटीपेक्षा काळी नव्हती, टायगात ती कुळकुळीत असतात. आणि आवाज. टायगाची ट्र्र्र जास्त घाईची, दातांवर कंगवा ओढल्यासारखी. आजोबांनीही हेच तिन्ही पाहिलं, त्याच क्रमाने.

@मधुमालती, फोटो धूसर आहेत. गोल्डक्रेस्ट इतका जवळ होता की माझी लेन्स फोकसच करेना.

सह्यभटका

चोचीचं पटलं. आवाजावर मी अजूनही पैज लावणार नाही.

खडूस_काका

सगळं गोड गोड वाचून एकच विचारतो. थकून अर्धमेल्या झालेल्या पाच ग्रॅमच्या जिवाला जाळ्यात घालून, पोटावर फुंकर मारून, पायात बेडी घालायची, आणि याला प्रेम म्हणायचं? तो तळव्यावर बसून राहिला ते 'गोड' नाही. तो घाबरून गोठला होता.

टेकडीवाला

काका, 'गोड' मी लिहिलेलं नाही. आणि गोठला होता हे बरोबर असू शकतं, मलाही तेव्हा कसंतरी झालं. पण कोणता पक्षी कुठून कुठे जातो हे आज आपल्याला माहीत आहे ते या रिंगांमुळेच. तिथे एखादा पक्षी फार अशक्त दिसला तर मापं न घेता सोडून देतात, एक रॉबिन तसा सोडलेला मी पाहिला. आता चिमुकले रेडिओ ट्रान्समीटरही लावतात आणि समुद्रकाठच्या अँटेना त्यांचे संदेश टिपतात. पण त्यासाठीही पक्षी एकदा हातात घ्यावाच लागतो.

खडूस_काका

माहिती माणसाला मिळते, धक्का पक्ष्याला बसतो. एवढंच म्हणणं होतं. गॅनेटच्या पिल्लाचा फोटो न टाकण्याबद्दल मात्र नाराजी. तोच टाकायला हवा होता.

रत्नांग्री

काकांशी दुसऱ्या मुद्द्यावर सहमत. आमच्याकडे किनाऱ्यावर कासवं याच नायलॉनच्या जाळ्यांत गुरफटलेली येतात, कधी पायाशिवाय. तुटलेलं जाळं समुद्रात सोडून देणं सोपं पडतं. माझ्याही घरात मासेमारी आहे, म्हणून बोलते.

जुनी_पानं

कोणी सालिम अलींचा उल्लेख करेल म्हणून वाट पाहत होतो. ते १९२९-३० मध्ये बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले होते, आणि रिंगिंगचा अनुभव त्यांनी याच हेल्गोलांडच्या केंद्रात घेतला. परत आल्यावर नोकरी नाही, म्हणून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणींचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर आत शिरते, मग नर पुढच्या घरट्याला आणि पुढच्या बायकोला लागतो, हे सगळं त्यांनी शिडीवर बसून टिपलं. तेव्हा टेकडीवाले, तुम्ही ज्या बागेत उभे होतात, तिथून एक धागा सरळ किहीमला येतो.

बीएनएचएसच्या रिंगांवर 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा' अशा अर्थाचा मजकूर असतो. जर्मन रिंगवर काय असतं?

टेकडीवाला

हे मला अजिबात माहीत नव्हतं! दंडवत. किहीमला लहानपणी दहा वेळा गेलोय, फक्त पोहायला.

रिंगवर 'फोगेलवार्टे हेल्गोलांड' आणि नंबर. गंमत म्हणजे संस्थेचं मुख्य ठाणं युद्धानंतर विल्हेल्म्सहाफेनला गेलं, बेटावर आता शाखा आहे. रिंगवर मात्र बेटाचंच नाव.

अर्धवटराव

पक्ष्यांतलं शष्प कळत नाही. पण हे तेच बेट ना, जिथे १९२५ च्या जूनमध्ये हायझेनबर्ग हे फिव्हरला कंटाळून पळाला, आणि शिंका थांबल्यावर क्वांटम मेकॅनिक्सचं गणित सुटलं? झाडं नाहीत म्हणून परागकण कमी, म्हणून हायझेनबर्ग. झाडं नाहीत म्हणून पक्षी गवतात, म्हणून टेकडीवाला.

मधुमालती

अर्धवटराव, _/\_

प्रवासी_पोळी

व्यावहारिक प्रश्न. १) एका दिवसात जाऊन येता येईल का? २) शाकाहारी माणूस जगेल का? ३) सोबत पक्ष्यांत रस नसलेला नवरा असेल तर?

टेकडीवाला

१) येतं, पण बोट दुपारी पोचते आणि चारेक तासांत परत निघते. पहाटेचं सगळं हुकतं, म्हणून राहाच. वेगवान कटमरान हॅम्बुर्गहून कुक्सहाफेनमार्गे जाते, हिवाळ्यात बंद. वारा जास्त असेल तर ऐनवेळी रद्द होते, म्हणून परतीच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काही ठेवू नका.
२) जगेल, बटाट्यावर. इथला मान खेकड्याच्या नांग्यांना, त्यांना 'क्नीपर' म्हणतात. मी मेतकूट नेलं होतं, हॉटेलात गरम भात मिळाला नाही, ब्रेडवर लावून खाल्लं. वाईट नव्हतं.
३) बेट करमुक्त आहे. अत्तर, सिगारेट, दारूची दुकानं ओळीने. नवऱ्याची काळजी नको, पाकिटाची घ्या.

मांडवीकाठ

आमच्या चोरांवची आठवण आली. रायबंदरहून फेरीबोट, मांडवी ओलांडली की बेट, आणि त्याच्या पश्चिम टोकाला सालिम अलींच्याच नावाचं पक्षी अभयारण्य, १.८ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ तुमच्या दोन्ही बेटांच्या बेरजेएवढं. पण सगळं उलटं: तिथे झाड नाही, इथे खारफुटीत सूर्य दिसत नाही. पक्षी ऐकू येतात, दिसतात शंभरातले दहा. कॉलर्ड किंगफिशर बघायला लोक लांबून येतात. ओहोटीला होडीने गेलात तर चिखलावर उड्या मारणारे मासेही दिसतील. ऑक्टोबरात खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात), मानशीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी उभे राहा. मानस उघडली की मासे पाण्याबरोबर बाहेर, आणि बगळे रांगेत. कोणाला रिंग नको, फुंकर नको. काका, तुम्ही या.

खडूस_काका

येतो. जेवण काय?

मांडवीकाठ

शीत-कडी. बटाट्यावर ठेवणार नाही.

परसातली

हा धागा महिन्याभराने वर काढतेय, माफ करा. आज सकाळी कोथरूडला, आमच्या मागच्या शिरीषावर 'ट्र्र्र' ऐकलं. गेली सात वर्षं ऐकत असेन, खार वाटायची. आज दुर्बीण घेऊन गॅलरीत गेले. छोटा, तपकिरी, शेपटी सारखी वर करतोय. तोच का?

टेकडीवाला

शेपटीच्या बुडाशी पांढरं दिसतंय का?

परसातली

हो, दोन्ही बाजूंना. उडाला की जास्त दिसतं.

सह्यभटका

चोच बघा. खालचा भाग, बुडाशी. फिकट की काळी?

परसातली

आता पानांत गेलाय. उभी आहे, बाहेर आला की सांगते.